दोरीच्या पुलावरचे दोन रविवार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (गेल्या खेपेस फोनवर "वाकून करतोय" म्हणालो होतो, ते खरं नव्हतं. खुर्चीतच होतो.) तुझी पाठ आणि भावजींचा खोकला आता बरा असावा. पट्टा बांधतेस का? बांधत नसशील तर तसं लिही, मी रागावणार नाही. बांधते म्हणून खोटं लिहिलंस तर मात्र रागावेन. इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' लिहून मी पाच मिनिटं थांबलो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तुझी भाची दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत एक खेळ खेळवते. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सूत्रधार आपली कन्या. खेळायला वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर, बँकेत काउंटरवर बसणारा एक तरुण (आवाजामुळे सगळे त्याला 'तोफ' म्हणतात) आणि चित्रकलेचे एक मास्तर. मास्तरांची बदली झाली, जागा रिकामी पडली आणि मला विचारणा झाली. (तुझ्या भावजयीने आधीच नकार दिला होता, हे नंतर कळलं.)

मी लगेच हो म्हणालो. कारण लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. माझ्या रोजनिशीतल्या नोंदीप्रमाणे त्याआधीच्या आठवड्यात पोरगी माझ्याशी एकूण एकोणीस शब्द बोलली होती, त्यातले सात 'बघू' होते. या खेळात मात्र फाटकवाला, सराईवाला, चेटकीण, सगळ्यांच्या तोंडून सूत्रधारच बोलतो, म्हणजे तिला माझ्याशी बोलणं भाग. पहिल्याच रविवारी जंगलात पाला गोळा करणारी एक म्हातारी (म्हणजे आपलीच कन्या, घोगऱ्या आवाजात) मला म्हणाली, "योद्ध्या, पाय दुखतात का रे?" आणि मी चक्क सांगितलं, की हो आजीबाई, वर्ष झालं, घरी कोणाला बोललो नाही. म्हातारीने मला जादूचा पाला दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या बुटांत नवे मऊ तळवे निघाले. विषय कोणी काढला नाही.

इथेच गप्प राहायला हवं होतं. पण माझी नोकरी तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी इमारतींच्या लिफ्ट तपासतोय. 'इतकी माणसं, इतके किलो' ही पाटी माझ्या सहीशिवाय लागत नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही ड्रॅगनच्या गुहेकडे निघालो असता दरीवर दोरीचा पूल आला. मी सहज विचारलं, हा किती वजन पेलतो? सूत्रधार म्हणाली, बरंच. ताई, 'बरंच' हे माप नाही. दोर कशाचा, जाडी किती, शेवटची तपासणी कोणी केली? डॉक्टरणीचं पात्र म्हणजे चिलखत घातलेलं अस्वल. तिला मी माझ्या जबाबदारीवर कसं जाऊ देणार? तो रविवार पुलाच्या अलीकडे गेला. पुढचाही गेला. तोफ दर दहा मिनिटांनी "काका, चला ना!" म्हणून खिडकीच्या काचा हलवत होता. तुझी भावजय आतून म्हणाली, एव्हाना ड्रॅगन कंटाळून गाव सोडून गेला असेल.

मग मी दुसरी चूक केली. (की ही पहिली आणि पुलाची दुसरी? क्रम काळाचा लावायचा की गांभीर्याचा, हे ठरत नाही.) मी म्हणालो, जगात इतके उद्योगधंदे असताना तुम्ही सगळे ड्रॅगन, जादूगार आणि टोकदार कानांच्या लोकांच्याच मागे का? कन्या म्हणाली, हा खेळ जिथे म्हणून खेळतात तिथे बहुतेकांना हेच लागतं, "बाबा, बाकीचं जग सगळ्यांना पाठ आहे." मला हे उत्तर अपुरं वाटलं. आठवडाभर खपून मी चौदा पानांचं एक नवं जग लिहिलं : चार मजली सरकारी कार्यालय, अचूक नकाशासह. उद्दिष्ट एकच, एका अर्जावर सही मिळवणे. पोरीने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हणाली, एक रविवार देते.

सूत्रधार मी. कोणतीही अतिशयोक्ती केली नाही, हाच माझा गुन्हा. डॉक्टरणीने फासा टाकला, अठरा पडले, तरी साहेब जागेवर नव्हते. तोफेने वीस टाकले; वीस म्हणजे खेळातलं परमोच्च यश, म्हणून साहेब जागेवर सापडले आणि त्यांनी त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जोडपत्र मागितलं. साडेसहाला तोफ उठून उभा राहिला आणि, विश्वास ठेव, अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, सोमवार ते शनिवार मी तिसऱ्या मजल्यावरची ती बाईच असतो. रविवारी मला ड्रॅगनच्या तोंडी मरू द्या की." डॉक्टरणीने तोंडावर रुमाल धरला. तिला रडू येतंय की हसू, ते मला कळेना, आणि विचारणं बरं दिसलं नसतं.

सगळे गेल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, तू थोडे रविवार विश्रांती घे." तिने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला वाद घालता आला नाही. आता रविवारी मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसतो. दार थोडं उघडं असतं. ते पुलापलीकडे कधीच गेले, पूल टिकला. (एकदा टिकला म्हणजे सुरक्षित ठरला असं नव्हे, पण ते असो.) गेल्या आठवड्यातला आकडा चौदा शब्द.

भावजींना नमस्कार. पाठीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. पोरगी तुझं ऐकते. तिला फोन कर आणि मला परत घ्यायला सांग. योद्धाच हवा असं नाही, ओझ्याचं गाढवही चालेल. गाढवाला प्रश्न विचारता येत नाहीत, ही माझी बाजू मांडताना उपयोगी पडेल.

ता. क. २ : मी सांगितलं म्हणून फोन केलास असं तिला कळू देऊ नकोस. पण तिने विचारलंच तर खोटंही बोलू नकोस.

ता. क. ३ : पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात पत्र टेबलावर उघडं राहिलं. (मी मुद्दाम ठेवलं का? तासभर विचार केला, खात्रीने नाही म्हणवत नाही.) परत येऊन पाहतो तर समासात पेन्सिलीने लिहिलंय : "आत्या, फोनची गरज नाही. बाबाला घेतलं. योद्धा म्हणूनच. पण एका रविवारी प्रश्न तीनच." तीन म्हणजे उपप्रश्न धरून की सोडून, हे तिने स्पष्ट केलेलं नाही. मी विचारलं तर त्यातला एक खर्ची पडेल. तेव्हा फोन करच, आणि तेवढं विचारून घे.