लेव्हल शून्य

३ मार्च
घर मिळालं! कंपनीच्या तिकीट-बुकिंगच्या वेबसाइटची देखभाल करायची आणि जिथे तिचा सर्व्हर आहे त्याच घरात, वरच्या मजल्यावर, बिनभाड्याचं राहायचं. आमची चिमी नऊ महिन्यांची. रांगते भराभर आणि रडते अशी, की जुन्या घरमालकांनी आज पेढे वाटले असतील. इथे शेजारच नाही. रड म्हणावं पोटभर.

५ मार्च
वेबसाइट चिमीची थोरली बहीण निघाली. पानापानावर इशारे, सूचना, चुका. आधीच्या प्रोग्रामरने चुका कळवण्याच्या सगळ्या पातळ्या चालू ठेवल्यात, वर स्क्रीनला चिठ्ठी डकवली आहे: ओरडू दे. साहेब फोनवर म्हणाले, गिऱ्हाइकांना हा तमाशा दिसता कामा नये.

६ मार्च
खरी रीत अशी, की चुका पानावर दाखवणं बंद करायचं, पण लॉग फाइलमध्ये त्यांची नोंद चालू ठेवायची. मला आला कंटाळा. रिपोर्टिंगची लेव्हलच शून्य केली. एका ओळीत काम. चुका जिथल्या तिथे आहेत, फक्त कुणी कळवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! साहेब खूश.

७ मार्च
नळाची टपटप थांबली, जिन्याची करकरही. चिमी दिवसभर गप्प. बायको म्हणते, घर मानवलं हो पोरीला.

९ मार्च
बायकोचा हात इस्त्रीला टेकलेला, कातडी सोललेली. तिला पत्ताच नव्हता. दुखलंच नाही म्हणे. हात पाण्याखाली धरायला तिला नळाकडे नेलं, तर नळ गळतोच आहे. थेंब दिसतात, आवाज नाही.
मग पाळण्यात पाहिलं. चिमीचं तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, उशी ओली. रडत होती. कधीपासून?
मी घाबरलोय. फार घाबरलोय.

१० मार्च
चिमीला डॉक्टरकडे नेलं. त्यांच्यासमोर ती टाहो फोडत होती. ते म्हणाले, किती शांत बाळ आहे.
लेव्हल परत चढवली. सेव्ह केलं. झालं का? सेव्ह फसलं तर तेही आता कळणार नाही— पुन्हा केलं. पुन्हा— चिमी तशीच.

११ मार्च
रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आम्ही घड्याळ लावून पाजतो. पाळीपाळीने तिच्याकडे बघत बसायचं. नजर हटवायची नाही.

१२ मार्च, दुपार
माझी पाळी. बायकोला आत्ता कुठे डोळा लागलाय. चिमी सतरंजीवर, पायाशी. एक ओळ लिहितो, वर बघतो. आहे. पुढे इथे कुणी आलं तर त्याला कळायला हवं, आधीचा का म्हणाला की ओरडू— आहे. चुका थांबत नाहीत, आपण फक्त—

सतरंजी रिकामी. दार उघडं. जिन्या—