दोन डाव्या बाह्या

६ मार्च, सकाळी साडेनऊ

प्रिय ताई,

तू बरी असशील, लेक-जावई बरे असतील, नातीला दात आले असतील. झाली रीतभात. आता ऐक. काल मी कोट कापला, अख्खा, आणि त्याची एक बाही डावी आली आणि दुसरी उजवी.

हसू नकोस. तीन महिन्यांत हे पहिल्यांदा घडलंय. दुकानात मी एकटीच टाळ्या पिटायला लागले, तर समोरचे इस्त्रीवाले काका इस्त्री तशीच सोडून धावत आले. त्यांना वाटलं, मला पुन्हा चक्कर आली. मी दोन्ही बाह्या त्यांच्या नाकासमोर धरल्या. निरखून पाहून म्हणाले, "बाह्याच आहेत की." आता या माणसाला काय सांगणार?

फोन तू उचलत नाहीस आणि मलाही स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांमागे ठणका लागतो, म्हणून पत्र. डॉक्टरीणबाईंनी लिहायला एका वेळी दहा मिनिटं दिली आहेत. गजर लावून बसलेय.

तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. जानेवारीत मी हट्टाने वकीलबाईंचा काळा कोट कापायला घेतला. कापडाला एकाच बाजूने चमक. पहिली बाही कापली, दुसरीच्या वेळी बाहीच्या मापाचा कागद उलटायचाच विसरले. दोन्ही डाव्या. बावीस वर्षं हातात कात्री आहे, ताई. वकीलबाई भल्या, म्हणाल्या, "उजवा हात खिशात घालून उभी राहीन." मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

गजर वाजला.

दुपारी चार

डोक्याचे फोटो स्वच्छ आहेत. मग शब्द का सापडत नाहीत, दिवा का खुपतो, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "मेंदूला धक्का बसलाय. तो फोटोत दिसेलच असं नाही." बरी कधी होणार? "महिना लागेल, सहाही लागतील." आपण गिऱ्हाइकाला कोटाची अशी तारीख दिली असती तर त्याने कापड घेऊन घर गाठलं असतं. त्यांच्याआधीच्या दोघा डॉक्टरांचं तर तुला माहीतच आहे. एक म्हणाले मान, दुसरे म्हणाले झोप. इकडे मी गॅससमोर उभी राहून दूध उतू जाताना बघत होते आणि गॅस बंद करायचा असतो हेच सुचत नव्हतं.

सगळं असं अधांतरी असताना मी एकच गोष्ट पक्की धरून ठेवली होती.

ते असो. कोट कसा जमला ते सांगते. टेबलाच्या एका कडेला खडूने 'डावी' लिहिलं, दुसरीला 'उजवी', आणि माझ्या मनगटांवरही. रोज अर्धा तास, वर एक मिनिट नाही. नऊ दिवस लागले. कात्री लावण्याआधी दर वेळी काकांना हाक मारून विचारायचे, "ही कुठली?" आठव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "आता तरी मनगट बघा स्वतःचं." नवव्या दिवशी मनगट न बघताच कापलं. माझा आनंद गगनात मावेना.

थांबते.

७ मार्च, सकाळ

काल गजर वाजला नव्हता. मीच थांबले.

पक्की धरलेली गोष्ट अशी. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंकडूनही तसंच परत आलो, त्या संध्याकाळी मी तुला म्हणाले, "तू माझ्या डोक्यावर शटर सोडलंस. मी पाहिलं." दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून लेकीकडे गेलीस.

मी काहीही पाहिलं नव्हतं. कुलूप घ्यायला अर्ध्या ओढलेल्या शटरखाली वाकले एवढं आठवतं, त्यापुढे थेट दवाखान्यातला पंखा. माझ्या दुखण्याचं धड कारण कुणी सांगेना, म्हणून मीच एक ठरवून टाकलं, आणि हाताशी तू होतीस.

महिन्यापूर्वी काका सहज बोलून गेले. "स्प्रिंग तुटली तेव्हा ताई शटरला दोन्ही हातांनी लोंबकळल्या, म्हणून निभावलं. तळहातांची सालं निघाली होती बाईची." पट्ट्या बांधलेल्या हातांनी तू तीन आठवडे माझं डोकं चेपत होतीस. मी एकदाही विचारलं नाही. आणि कळल्यावरही महिनाभर लिहिलं नाही. डोकं दुखतंय म्हणून पुढे ढकलत होते, पण खरं म्हणजे लाज वाटत होती.

कोट तुझा आहे. माप घ्यायला तू नव्हतीस, पण तुझं माप मला कशाला घ्यावं लागतंय? डावा खांदा अर्धा इंच खाली, मशीनवर वाकून पाठ जराशी गोल, उजवा हात पाव इंच लांब. दूध विसरले, माणसांची नावं विसरले, हे मात्र जागच्या जागी होतं.

कच्चे टाके घालून खुंटीला टांगलाय. कॉलर सुटी आहे. ती माझं डोकं धड असतानाही मला कधी लावता आली नाही, ते काम तुझंच. शटर नवं बसवलंय. मी पुरती बरी होईन की नाही, कुणी सांगत नाही. आजचा दिवस चांगला आहे, उद्या कदाचित पुन्हा दोन डाव्या कापेन. तरीही ट्रायलला ये.

आणि डिसेंबरातच विचारायचं होतं ते आता विचारते. तुझे हात कसे आहेत?

तुझी चुकलेली,
धाकटी