मधमाश्यावाले साने आणि मंडळी

३ मार्च, सोमवार

घेतली! बेसबॉलच्या स्टिकरांची सहा पाकिटं, १९८६ सालची, एकदाही न उघडलेली. इथल्याच हौगांग भागातल्या एका म्हाताऱ्या अंकलनी ऑनलाइन विकायला काढली होती. ऑफिसातून थेट त्यांच्या ब्लॉकखाली गेले. खेळता का, असं त्यांनी विचारलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हटल्यावर त्यांनी असं काही बघितलं, की वाटलं आता पाकिटं परत घेतात!

रोज एकच उघडायचं. शपथ.

४ मार्च

पहिलं पाकीट फोडलं. तोच वास — नवी वही आणि डिंक.

लहानपणी कमलाकरकाकांनी अमेरिकेहून अशा पाकिटांचा अख्खा खोका आणला होता. दादा अकरा वर्षांचा, मी आठ. पुण्यात आम्हाला हे खेळाडू कुठले माहीत असायला! मग आम्हीच त्यांची बारशी केली. तोंडाला जाळी आणि छातीला गादी बांधलेले ते मधमाश्यावाले साने. गालात काहीतरी कोंबलेला तो दाढ सुजलेला जोशी. हात वर करून हवेत उडालेला — बस चुकलेला दीनानाथ. अभ्यास सोडून तासन् तास त्यांचे संसार चालवायचो.

आज पहिल्याच पाकिटात साने! लेकीला दाखवले. जाई म्हणाली, "दॅट्स जस्ट द कॅचर लाह, आई." तेराव्या वर्षी इतकं खरं बोलायची काय गरज असते?

फोटो दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दीड वर्षात त्याला पाठवलेलं हे पहिलंच.

५ मार्च

उत्तर आलं!! दोनच शब्द — "मधमाश्यावाले साने."

MRT च्या गाडीत वाचलं. पासिर रिस, शेवटचं स्टेशन आलं, डबा रिकामा झाला, तरी मी आपली बसूनच.

६ मार्च

कालच्या पाकिटात कोणी ओळखीचं नव्हतं. आज जोशी सापडला. दादाचं उत्तर — "दाढ काढली का त्याने?" दिवसभर मीटिंगमध्ये हसू दाबत होते.

७ मार्च

आज पाकीट उघडलं नाही. मन लागेना.

बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी दादाला म्हणाले होते — प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे, नवी सिस्टिम सुरू झाली की निघते. बाबा थांबले नाहीत. दादाने सगळं एकट्याने केलं. तिसऱ्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा एवढंच म्हणाला, "झालं का तुझं काम?" त्यानंतर बोललाच नाही.

चूक माझीच होती. हे मी त्याला अजून एकदाही सांगितलेलं नाही. स्टिकर पाठवणं सोपं पडतं.

९ मार्च, रविवार

शपथ गेली खड्ड्यात! उरलेली तिन्ही एका दमात फोडली. जाईसुद्धा मांडी घालून शेजारी बसली, आणि एका टकल्या खेळाडूचं नाव तिने स्वतःहून धैर्यशील ठेवलं. शेवटच्या पाकिटात दीनानाथ! पाठवला. दादाचं उत्तर — "शेवटी रिक्षा करून गेला."

म्हणजे राग गेला! गेलाच म्हणायचा.

१० मार्च

पाकिटं संपली. काही पाठवलं नाही.

११ मार्च

मैत्रेयीवहिनीचा फोन आला. म्हणाली, रागावू नकोस, पण दादाच्या फोनवरून उत्तरं मीच देत होते. ती फोटो त्याच्यापुढे धरायची. तो नाव सांगायचा नाहीतर काहीतरी बोलायचा, हसायचा आणि उठून जायचा. तेच शब्द ती टाइप करायची, त्याच्या नकळत.



मग म्हणाली, "अगं, पण काल चहा घेताना त्यानेच विचारलं, कस्तुरीचं आज काही आलं नाही का?"

पाठवायला काही उरलेलं नाही. फोन लावते आहे.