दोरी सैल सोडण्याची वेळ

एल्को, नेवाडा

बाबा,

आईला सांगा, इथे जेवण भरपूर आहे आणि दोरीने सोलवटलेला हात भरत आलाय. तुमची बरगडी अजून दुखते का?

माझं डोकं मात्र फिरलंय. घोडे शिकवण्याच्या या वर्गात मला दिलेल्या करड्या घोडीला मागे सरकवायचं, एवढंच काम. सकाळभर तिच्या तोंडाची दोरी तिच्या छातीकडे ओढली, ती ढिम्म उभी. शेवटी चिडून हिसका दिला, तर तिने मानच वर फेकली. शिकवणाऱ्या व्हर्नाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अगं, ती केव्हाच मागे झुकली होती! हो म्हटल्यावरही कुणी तुला ओढतच राहिलं, तर तू काय करशील?"

"पण मला दिसलंच नाही!"

"डोळ्यांना कुठे दिसणार? ते बोटांना कळतं."

असलं ऐकून रडूच येतं, बाबा. दुपारी पुन्हा दोरी धरली. तिचं वजन जरासं मागे गेलेलं बोटांना जाणवलं आणि मी लगेच सैल सोडली. तिने पाऊल मागे घेतलं, लांब श्वास सोडला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकदाही जमलं नाही.

तरी तुम्हाला पाडणाऱ्या त्या तांबड्या शिंगराला लिलावात नेऊ नका. मी येईपर्यंत थांबा. त्याला अजून कुणी नीट विचारलेलंच नाही.

तुमची हट्टी,
कोरीन