गाडीतून उतरल्याचा गुन्हा

जयनगर, बेंगळुरू
३ ऑक्टोबर २०२५

चि. बाळ यास सुचेताअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून हे लिहून त्याचा फोटो पाठवतेय. तुझ्या लेकीने, निधीने सगळं सांगितलं. ती गाडी चालवत होती, पोलिसाने थांबवलं, आणि तू आपल्याकडच्यासारखा खाली उतरून हात जोडत त्याच्याकडे गेलास. इथे पोलीस समोर असताना गाडीत बसून राहिलं तर माज दिसतो. अमेरिकेत म्हणे उतरणंच गुन्हा. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर आपटून खांदा मोडला, आणि वर खटला तुझ्यावरच, कामात अडथळा आणला म्हणून! लाज कशी वाटत नाही मेल्यांना.

आणि तो सरकारी वकील. कुणावर खटला भरायचा, कुणाला सोडायचं, सगळं त्याच्या मर्जीवर. पोलिसाला सोडलं. तुला सोडायला मात्र अट, की पोलिसाचं काही चुकलं नाही, मी दावा लावणार नाही, असं लिहून दे. समोरचे हयवदन जन्मभर कोर्टात वकिली करून आलेत, तेही म्हणाले, असली अट कधी ऐकली नाही.

तरी सांगते, सही कर आणि ये. तुझा व्हिसा संपत आलाय, निधीला तिथे नोकरी टिकवायचीय. तुझ्या वाटचा संताप मी इथे बसून करीन. खांद्याला जप, आणि बोलले म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी अक्का

१९ ऑक्टोबर

ती. अक्कास, साष्टांग सध्या जमणार नाही, तेव्हा नुसताच नमस्कार. लिहितेय निधी, शब्द माझे.

सरकारी वकिलाला भेटलो. का उतरलात, असं त्याने विचारलं. मान द्यायला, म्हणालो. त्याने लिहून घेतलं, उतरल्याचं कबूल. मानाचं कुठे लिहिलंच नाही. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं, तर म्हणे सही करा, मग बघायची गरजच नाही.

मी सही केली नाही. हे वाक्य लिहायला निधी तयार नव्हती.

तुझा बाळ

२१ ऑक्टोबर

चि. बाळ यास आशीर्वाद.

लहानपणी कुणीही दटावलं की मान डोलवायचास, आणि ताठ व्हायचं आता सुचलं? हयवदन म्हणतात, योग्य केलंस. त्यांचं काय जातंय? तुरुंगात तुला टाकतील, नोकरी निधीची जाईल. मला भीती वाटते रे. सही कर.

अक्का

१२ नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

आज तारीख होती. सरकारी वकील उठला आणि खटला मागे घेतो म्हणाला. कारण दिलं नाही, न्यायाधीशांनीही विचारलं नाही. म्हणजे महिनाभर ज्या तुरुंगाची भीती घातली, ती फक्त माझ्या सहीसाठी. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. माझ्याआधी किती जणांनी घाबरून सही केली असेल? बाहेर तोच पोलीस ड्युटीवर होता. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

परतीचं तिकीट रद्द केलंय, व्हिसाची मुदत वाढवून मागितलीय. सोमवारी त्या पोलिसावर दावा लावतोय. रागवायचं तर त्यांच्यावर रागव, मला आशीर्वाद दे.

तुझा बाळ

ता. क. आत्या, हे माझं. समोर घडलेलं पाहणारी मी एकटीच होते. दाव्यात साक्षीदार म्हणून मी माझं नाव घातलंय. निधी