हाकेचं वळण

॥ श्री ॥

नांदुरा,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. जयमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून पुन्हा डब्यात ठेवून दिलंस, हे वाचून हसूही आलं आणि रागही आला. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या नांदुऱ्याला ऐकवायचं, त्यापेक्षा आपले हे कागद बरे. इथे निवडणुकीचे भोंगे सकाळपासून सुरू असतात. तेवढ्यापुरता तुझा हेवा वाटतो.

काल मी सहलीला गेले होते. खामगावहून दर रविवारी पहाटे एक मिनीबस निघते, दिवसभर सातपुड्यात फिरवते आणि दिवेलागणीला परत आणून सोडते. नांदुऱ्याच्या स्टँडवरही थांबते. शेजारच्या कोकिळाबाईंनी भजनी मंडळाच्या बायकांसाठी जागा धरल्या आणि मलाही ओढलं. घरात बसून बसून तुमचं अंग आंबून जाईल, म्हणाल्या. गाडी त्या घाटात जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी बोलले नाही.

सोनाळ्यावरून गेलो तेव्हा तुझी गल्ली दिसली, पण गाडी थांबत नाही. गाईडचं नाव ज्ञानेश्वर. चाळिशीचा माणूस, हातात माईक, तोंड अखंड चालू. बायकांना उखाणे घ्यायला लावले, वाटेत पोहे खाऊ घातले, साग कुठला आणि सालई कुठली ते दाखवलं. वाईट माणूस वाटला नाही. मग घाट चढताना त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, आता येतंय हाकेचं वळण.

ताई, आपल्या शिवमची त्यानं गोष्ट केली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एक पोरगा तिथे सेल्फी घ्यायला ओढ्यात उतरला आणि वाहून गेला, असं तो सांगतो. सेल्फी. मित्राची मोटारसायकल पाण्यातून ओढायला माझं लेकरू उतरलं होतं हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. देह सापडला नाही, म्हणून तो अजून घरचा रस्ता विचारत फिरतो, म्हणे. वळणावर उभं राहून नाव घ्या, ओ देतो. मग सगळे खाली उतरले आणि दरीकडे तोंड करून ओरडले. शिवम, शिवम. समोरच्या कड्यावरून नाव परत आलं. पोरंसोरं टाळ्या पिटत होती. कोकिळाबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

पुढचं ऐक. गाईड म्हणाला, पोराच्या मागे त्याची आई झुरून मेली. ती पण तिथेच असते. जांभळ्या लुगड्यातली बाई वळणावर उभी राहून पोराला हाका मारते, लाकडं आणणाऱ्या लोकांनी पाहिली आहे.

मी तिथेच उभी होते, ताई. हातात चिवड्याचा पुडा होता.

यांना काही सांगितलेलं नाही. सहल कशी झाली, एवढं त्यांनी विचारलं. चांगली झाली म्हटलं. भाऊजींना नमस्कार. या धाकट्या बहिणीवर माया आहेच, तिला खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
पुष्पा

---

॥ श्री ॥

सोनाळा,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र दोन डाव वाचलं. दुसऱ्या डावाले चष्म्यावर पाणी आलं, मंग ठेवून देल्लं.

काऊन गेली व तू? आन गेली ते गेली, त्या घाटाचं माहीत असून गेली. जखमेवरची खपली कोणी अशी नखानं काढते काय? त्या ज्ञानेश्वरच्या घरी लेकरंबाळं नसतीन का? आपल्या अंगणातला दिवा लोकायच्या तमाशाले लावते म्हणजे काय. मी समोर असती तर त्याचा माईकच हिसकून घेतला असता. तू काहीच बोलली नाई, ते मले जास्त लागलं. तू लहानपणापासून अशीच. काटा मोडला तरी मुकाट चालत राह्यची.

आता पुन्हा जाऊ नको. तिथची हवा बरी नाई. मी जुनी बाई आहो, तुले हसू येईन, पण हाकेले कान देऊ नये असं आपली माय सांगे.

तुरीले यंदा फुलं लय आहेत. आमच्या यायचा गुडघा पुन्हा सुजला, तरी वावरात जाचं सोडत नाईत. मी त्याईले म्हटलं, तुमचा गुडघा आन माहे कान सोबतच विकून टाकू.

एक विचारतो, राग मानू नको. त्या बाईले कोणी पाह्यलं म्हणे? हाक मारते असं कोणी सांगतलं? लोकं काहीच्या काही सांगतात, तरी तुले आठवत असन तर नीट लिही.

पंजाबरावले सांभाळ. माहा जीव तुम्हा दोघांपाशी आहे हे ध्यानात ठेव.

तुही,
ताई

---

॥ श्री ॥

नांदुरा,
२ डिसेंबर २०२४

ती. सौ. जयमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावशील, म्हणून आधीच सांगते. मी परत गेले. गेल्या रविवारी गेले आणि कालही. कोकिळाबाई आता येत नाहीत, मी एकटीच जाते. यांना सांगते, मंडळाचं भजन आहे.

का जाते ते तुला कळेल, म्हणून लिहिते. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. दर्भाचा पुतळा करून सगळं उरकलं त्या दिवसापासून यांनी एकदाही घेतलं नाही. फोटो कपाटात, मोटारसायकलचं हेल्मेट माळ्यावर. टीव्हीवर कोणी शिवम नावाचं आलं तरी हे उठून अंगणात जातात. सुचिता सासरहून फोन करते, पाऊसपाणी विचारते, भावाचं नाव टाळून बोलते. माझीही जीभ त्या शब्दापाशी अडायला लागली होती. आणि तिथे, ताई, अख्खी बस त्याचं नाव घेते. म्हातारे घेतात, कडेवरची पोरं बोबड्या बोलात घेतात. आणि डोंगर ते परत देतो. गोष्ट खोटी आहे, पण नाव तर त्याचंच आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. लाकडं आणणाऱ्यांनी त्या बाईला पाहिलं आणि ज्ञानेश्वरनं स्वतः एकदा लांबून, असं तो सांगतो. लुगडं त्यानं पाहिलं. हाक मात्र त्यानं ऐकली नाही, लाकडंवाल्यांनी ऐकली.

मी काल ऐकली.

सगळ्यांचं ओरडून झालं होतं. लोक गाडीत चढायला लागले होते. कड्यावरून आलेला आवाजही विरला होता. तेव्हा खालून, ओढ्याच्या अंगानं, एका बाईनं हाक मारली. शिवम नाही म्हणाली. शिवू म्हणाली. हे नाव गाईडला ठाऊक नाही, बसमध्ये कोणालाच ठाऊक नाही. आणि आवाज, ताई, माझा होता. तो उन्हात खेळायचा तेव्हा ओट्यावरून मी जशी ओढून हाक मारायची, तशीच.

मी ओठ हलवले नव्हते. शपथेवर सांगते.

तेव्हापासून मनात एकच येतं. ज्ञानेश्वर म्हणतो तेच खरं असेल तर? त्याच्या मागे मी कधीच गेले असेन, आणि इथे नांदुऱ्यात भाकरी थापते ती कोणी दुसरीच. काल गाडीनं हॉर्न दिला तरी पाय उचलत नव्हता. आपण नाही चढलो तर काय बिघडेल, असं वाटलं. खाली ओढ्यापर्यंत पायवाट आहे. ड्रायव्हर उतरून आला आणि मावशी चला म्हणाला, म्हणून आले.

पुढच्या खेपेला तो येईलच असं नाही.

हे वाचून घाबरू नकोस. आशीर्वाद मात्र असू दे, हल्ली तेच धरून चालते आहे.

तुझी,
पुष्पा

---

सोनाळा,
६ डिसेंबर २०२४

पुष्पे,

श्री घालाले आन आशीर्वाद लिहाले हात थांबत नाई. हे पत्र पोस्टात टाकत नाई, आमच्या शेजारच्या समताचा नवरा उद्या नांदुऱ्याले जाऊन राह्यला, त्याच्याजवळ देतो.

ते जांभळं लुगडं माहं आहे.

दुधाची जीप घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते. अमावास्येले मी तिच्यात बसतो आन तिथून पायी चढतो. वळणावर पणती लावतो, विझेपर्यंत उभी राह्यतो आन पणती पिशवीत घालून परत येतो. जंगलाले आग लागू नये म्हणून. तुह्या लेकराचा सगळा उन्हाळा माह्या घरी जाये. माह्या हातचे मांडे खाऊन मोठा झाला तो. तुले सांगतलं नाई, कारण तुमच्या घरात त्याचं नाव चालत नाई हे मलेही दिसत होतं. लाकडंवाल्यायनं मले पाह्यलं असन. त्या गाईडनंही मलेच पाह्यलं असन. तू मेली नाईस व. तू जिती आहेस. मी सांगून राह्यलो ना.

आता खरं ते सगळं लिहितो. मी हाक कधी मारली नाई. लय डाव मनात आलं, पण तोंड उघडत नाई माहं. मी नुसती उभी राह्यतो. आन माह्या बाजूले उभं राहून कोणी हाक मारली असन, तर मले कुठून ऐकू येईन? काल तुहं पत्र वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. तिथं उभी असताना एक दोन डाव मले वाटलं होतं की मागं कोणी आहे. वळून पाह्यलं तर कोणी नव्हतं.

म्हणून सांगतो, एकटी जाऊ नको. माही आण आहे तुले. जायचंच असन तर तिघं जाऊ. मी सोनाळ्याच्या फाट्यावर उभी राह्यतो. पंजाबरावले मी वेगळं लिहिलं आहे, या पत्रासोबतच आहे. रागावशील तर रागाव.

तुही,
ताई

---

नांदुरा,
१० डिसेंबर २०२४

ती. सौ. जयमालाताईंस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. त्याच दिवशी उत्तर लिहावयास बसलो होतो, जमले नाही. आज लिहितो.

मंडळाचे भजन दर रविवारी दिवसभर चालत नाही, हे मला कळत होते. विचारले नाही. आमच्या घरात विचारण्याची सवय गेली आहे. मुलाचे नाव घेतले की पुष्पा कोसळेल असे मला वाटे. काल तिने सांगितले की, मी कोसळेन असे तिला वाटत होते. दोघांनी एकमेकांना सांभाळता सांभाळता त्यालाच घराबाहेर ठेवले.

रविवारच्या गाडीत दोन जागा सांगितल्या आहेत. तिसरी आपली. मी खाली उतरेन की नाही ते आज सांगता येत नाही, पण गाडीत असेन.

आपण मोठ्या आहात. आमचे चुकले तेथे कान धरावा, एवढा हक्क आपला आहेच.

आपला,
पंजाबराव

---

॥ श्री ॥

नांदुरा,
१६ डिसेंबर २०२४

ती. सौ. जयमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू आमच्यासोबत होतीस, तरी पत्र लिहिते आहे. कारण तिथे जे बोललं गेलं ते तुला ऐकू आलं नाही. उतरताना तू खुणेनं विचारत होतीस आणि माझ्यानं खुणेनंही सांगवत नव्हतं.

फाट्यावर तू तेच लुगडं नेसून उभी होतीस. मुद्दाम नेसलीस की काय कोण जाणे. तू पदर सावरत होतीस, तेव्हा इकडे गाडीत ज्ञानेश्वरच्या हातातून माईक पडला. ड्रायव्हरला तो थांबू नको, थांबू नको म्हणत होता. मी उठून त्याला सांगितलं की ती माझी बहीण आहे, सोनाळ्याची. आणि मी त्या पोराची आई आहे, आणि मागे खिडकीशी बसलेत ते त्याचे वडील. तो कितीतरी वेळ दाराच्या पायरीवर बसून राहिला. तुला वाटलं त्याला गाडी लागली. गाडी नाही लागली त्याला.

वळणावर त्यानं माईक घेतलाच नाही. साध्या आवाजात सांगितलं, इथे शिवम नावाचा एक मुलगा गेला, मित्राची गाडी काढायला पाण्यात उतरला होता. मी आतापर्यंत खोटं सांगत होतो. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. लोकांना काय करावं कळेना. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, तसे सगळ्यांनी जोडले. कोणी ओरडलं नाही. मला वाटलं, गेलं, आता इथेही त्याचं नाव बंद झालं.

तेव्हा हे गाडीतून उतरले. ते तू पाहिलंस. कठड्यापाशी गेले, आपण दोघी मागे उभ्या होतो. त्यांचे ओठ हलले तेवढं तुला दिसलं असेल. ते ओरडले नाहीत, ताई. शेजारच्या गल्लीत खेळत बसलेल्या पोराला बोलवावं तशा आवाजात म्हणाले, "शिवम, चाल बे, घरी चाल. लय झालं."

मी कड्याकडे कान लावून उभी राहिले. त्या वळणावर मुंगी शिंकली तरी आवाज परत येतो. यांचा नाही आला. ज्ञानेश्वरही वाट बघत होता, मी त्याच्याकडे पाहिलं. खालच्या बाईचीही हाक आली नाही. मग कुठेतरी मोर ओरडला.

परतताना सोनाळ्याला तू उतरलीस. यांच्या शेजारी तू बसली होतीस ती जागा मोकळी झाली. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ तिथे बसायला लागले, तर हे म्हणाले, माणूस आहे. गृहस्थ इकडेतिकडे बघून मागे गेले. आपली पिशवीसुद्धा यांनी मांडीवर घेतली होती. नांदुरा येईस्तोवर ती सीट तशीच मोकळी होती. एका मोठ्या वळणावर मी पाहिलं, यांनी हात आडवा धरला होता, झोपलेल्या पोराला धक्का लागू नये म्हणून धरतात तसा.

घरी आलो तेव्हा अंधारून आलं होतं. यांनी कुलूप काढलं, दार पुरतं उघडलं आणि स्वतः बाजूला सरून उभे राहिले. मी चप्पल काढून आत जायला निघाले, तर त्यांनी माझा दंड धरला.

"थांब," म्हणाले, "आधी त्याले जाऊ दे."

आम्ही दोघं ओट्यावर उभे राहिलो. मग आत गेलो.

भाऊजींच्या गुडघ्याला तेल लावत जा. आम्हा तिघांवर तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
पुष्पा