मिठाच्या बाटलीचा फॉर्म

आत्याबाई,

या आठवड्यात घरात आलं ते असं. सहा पानांचा छापील फॉर्म, फुकट. त्याची झेरॉक्स, बारा रुपये. रुंद तोंडाची काचेची बरणी, पन्नास रुपये, कारण तुमच्या जुन्या बाटलीला तडा गेलाय आणि ती चारचौघांत हलवायची म्हणजे हातात फुटायची भीती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी पत्र लिहायला बसले ते त्या फॉर्मपायी. तो दिल्लीहून निघालाय, जिंतूरमार्गे आपल्या गावात आलाय, आणि त्यातला एक रकाना मला भरता येईना.

झालं असं. विज्ञानाच्या कामाला नेमलेल्या एक बाई तालुक्याहून आल्या. पोरसवदा, पाठीवर पिशवी, बोलायला साधी. मारुतीच्या सभामंडपात आम्हा बायकांना बसवलं आणि म्हणाली, केंद्र सरकार विज्ञान-तंत्रज्ञानाचं नवं धोरण ठरवायलंय, त्यात गावातल्या माणसांनी शोधलेल्या युक्त्याही धरायच्या आहेत. मी मॅट्रिक झालेली, पण धोरण म्हटलं की मला रॉकेट आणि मोठमोठी यंत्रंच दिसायची. मी विचारलं, "धोरण म्हणजे नेमकं काय करतात हो?" ती म्हणाली, "काकू, तुम्ही पेरणीआधी ठरवता ना, कोणत्या वावरात काय घालायचं आणि कोणतं पडीक ठेवायचं? तसंच. कशावर संशोधन व्हावं, कोणाला मदत मिळावी, कोणाचं ज्ञान ज्ञान म्हणून मोजावं, हे आधी तिथं ठरतं. मग इथं येतं." मला ते पटलं. इतकी वर्षं आपण पडीकात होतो, एवढंच.

मग शेजारणींनी मला पुढं ढकललं. "हिच्या सासूची, आत्याबाईंची मिठाची बाटली दाखवा की." मी दाखवली. तव्यावर कोरडं भाजून थंड केलेलं मीठ, मूठभर ज्वारी, झाकण लावून हलवायचं आणि जरा वेळ ठेवायचं. काचेला मीठ चिकटलं तर दाणा अजून ओला, कणगीत भरायचा नाही. मीठ खाली मोकळं राहिलं तर बिनघोर भरा. त्या बाईंनी पिशवीतून ओल मोजायचं यंत्र काढलं. एक ओला, एक वाळलेला अशा दोन ढिगांतले दाणे घातले. दोन्ही वेळा बाटली म्हणाली तेच यंत्र म्हणालं. बाई लहान पोरीसारखी हसली. घरी आल्यावर हे म्हणाले, "दिल्लीवाले आता कामधाम सोडून बाटल्या हलवत बसतेत का?" मी म्हटलं, "बसू द्या, निदान ज्वारीला कीड तरी लागणार नाही."

माझं पहिलं वर्ष आठवतं. तुम्ही खळ्यावर मला बाटली दिलीत आणि मी घाईत रांजणीतलं मीठ तसंच घातलं, न भाजता. काच पांढरी झाली. माझ्या सांगण्यावरून अख्खी रास तीन दिवस जास्तीची वाळत पडली. चौथ्या दिवशी तुम्ही चिमूटभर मीठ बोटांत चोळून बघितलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मीठच ओलं हाय की बाई. ज्वारीला कशापायी उन्हात मारायलीस?" सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खळ्याच्या कडेला उफणणारी, सुगीला मजुरीला आलेली पालमवाली हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं, चुलीपाशी आली, आणि मीठ तडतडायचं थांबून मोकळं होईतो कसं परतायचं ते मला दाखवलं.

पुढं कैक वर्षांनी, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा, मी तुमचे केस विंचरत असताना तुम्ही सहज बोलून गेलात, "ती बाटलीची गोष्ट मला त्या पालमवालीनं शिकवली. बाहेर बोलू नको." मी बोलले नाही. गावात सुगीला बायका तुमच्याकडं बाटली घेऊन यायच्या, त्यात तुमचा मान होता. ती दरसाल पालमकडून सुगीला यायची, महिनाभर राबायची. तिचा चहाचा कप भिंतीतल्या दिवळीत वेगळा ठेवलेला असायचा आणि तो ती स्वतःच धुवायची. तिला कुणी शिकवलं, ते तीच जाणे.

फॉर्मात रकाना आहे: नवकल्पकाचे पूर्ण नाव. मी बाईंना म्हटलं, ही युक्ती माझी नाही, जिनं शिकवलं तिच्यासाठी एक ओळ का नाही? ती म्हणाली, "काकू, रकाने दिल्लीत ठरतात. पण मसुदा अजून पक्का नाही, सूचना मागवल्यात. तुम्ही लिहून द्या, मी जोडते. फक्त तुमच्याच फॉर्मवर त्या शिकवणारीचं नाव पाहिजे. ओळ मागायची आणि ती रिकामी पाठवायची, तर वर कोण वाचणार?" सूचना मी देवापुढं बसून लिहिली, चार ओळींत. नाव मात्र लिहिता आलं नाही. मला तिचं नाव ठाऊक नाही. सात सुग्या ती आपल्या अंगणात होती, तिनं माझी फजिती सावरली, आणि मी तिला कधी नाव विचारलं नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून आले. एक म्हणाला, "पालमवाली, अजून काय?" दुसऱ्याला ती आठवतच नाही. पालमला जाऊन यावं तर कुणाच्या दारात उभं राहू? पालमकडलं नेमकं कोणतं गाव, तेही तिनं कधी सांगितलं असेल तर माझ्या ध्यानात नाही.

सोमवारी त्या बाई फॉर्म न्यायला येणार आहेत. हे पत्र टाकायला पत्ता नाही, देवघराच्या फडताळात पोथीखाली राहील. एक कबूल करते. त्या रकान्यात मी पेन्सिलनं माझं नाव लिहून पाहिलं, आडनावासकट. छापील ओळीवर बरं दिसलं. दोन दिवस झाले, अजून खोडलेलं नाही. तुम्ही तिला एकदा तरी नाव विचारलं असेल, तर सोमवारच्या आत उलट टपाली कळवा.